घटस्फोट: संमतीने की दाव्यातून?

शाहू महाराजांनी १९१९ मध्येच कोल्हापूर संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला. तरीही काडीमोड हा शब्द इथल्या घरांत आजही दबक्या आवाजातच उच्चारला जातो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खालील दाव्यात क्रूरता किंवा परित्यागासारखे कारण एका जोडीदाराला पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते, म्हणजे साक्षी, उलटतपासणी आणि नातेवाइकांची ओढाताण आलीच. १९७६ मध्ये आलेल्या कलम १३ब नुसार मात्र दोघे मिळून अर्ज करतात. किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे आणि विवाह संपवण्यावर एकमत असावे, दोष कोणाचा हे सिद्ध करावे लागत नाही. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. परंतु समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा यांवर खरीखुरी तडजोड झाली असेल, तर ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले.

माझा कल उघडच संमतीच्या मार्गाकडे आहे. मात्र संमती हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम निर्णय, होईपर्यंतच मागे घेता येते आणि कौटुंबिक न्यायालयाच्या अशा हुकूमनाम्यावर अपील नसते, त्यामुळे माहेर-सासरच्या दडपणाखाली सही करणे महागात पडते. दाव्याच्या निकालावर अपील करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. जोडीदार मिळकत लपवत असेल किंवा धमकावत असेल, तर लांबला तरी दावाच बरा.