कन्नड फॉर्म मराठीत समजावून सांगणारं ग्राम वन, खानापूर भाग

लेकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळं येणारं अपंगत्व) आहे. यूडीआयडी कार्डासाठी (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) आधी दुसरीकडं तीन खेपा झाल्या, दरवेळी नवीनच कागद मागायचे. मग आमच्या गावाजवळच्या ग्राम वनमध्ये (Grama One, कर्नाटक सरकारचं सेवा केंद्र) गेलो तर तिथल्या ताईंनी कन्नडमधलं एकेक मराठीत सांगितलं, आधार आणि जन्मदाखल्यात नावाचं एक अक्षर वेगळं होतं ते पण त्यांनीच पकडलं. पोरगं अजून मान धरत नाही, फोटोला मी मागनं डोकं धरून बसलेले, पाच-सहा वेळा काढला पण ताईंनी जरा पण घाई केली नाही बघा. आणि अशा अपंगत्वासाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो, थेरपी पण त्यात येते, हे आम्हाला आजपर्यंत कुणी बोललंच नव्हतं! गर्दी असते, सकाळी लवकर जावा.