ग्रॅव्हल सायकलिंग: कियान्तीचे पांढरे रस्ते की कासेन्तिनोचं जंगल?

इटलीतल्या तोस्कानात (टस्कनीत) ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, चालवायची म्हटलं की सगळे कियान्तीच्या टेकड्यांकडे बोट दाखवतात. त्यात चूक काहीच नाही. गायोले गावातून 1997 पासून निघणाऱ्या 'लेरोइका' या जुन्या सायकलींच्या फेरीचा 209 किलोमीटरचा मार्ग वर्षभर खुला असतो, पाट्याही लावलेल्या आहेत. द्राक्षमळे, सरूची झाडं, चढ संपला की गावात कॉफी. पण हे पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते शेतांवर आणि मुक्कामाच्या घरांकडे जाणारे. मोटार गेली की पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे आपण! उन्हाळ्यात सावलीही बेताचीच.

शांतताच हवी असेल, तर पूर्वेला कासेन्तिनोचं खोरं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या कित्येक वनरस्त्यांवर फाटक लावून मोटारी अडवलेल्या आहेत. कामाल्दोलीचा मठ अकराव्या शतकातला. तिथल्या साधूंनी शतकानुशतकं फरची झाडं लावली, जोपासली. मठापासून वर साधू एकांतात राहतात त्या आश्रमापर्यंतचा चढ छोटा, पण दम काढणारा. त्यापुढे बीच वृक्षांचं रान, आणि ऐकू येतो फक्त टायरखालच्या खडीचा आवाज. सास्सो फ्रातिनोच्या राखीव जंगलात मात्र 1959 पासून प्रवेशबंदी आहे, तिकडे सायकल वळवू नका.

कियान्तीला 35 मिलिमीटरचे टायर चालतात. कासेन्तिनोत 40च्या वरचे घ्या, गिअरही हलके ठेवा. खाणं-पाणी पोप्पी किंवा बिब्बिएना या गावांतूनच भरून निघा.

पहिल्यांदाच जात असाल तर कियान्ती. मी मात्र ऑक्टोबरात, पानं तांबूस झाली की, कासेन्तिनोच निवडेन.