घरगुती व्हॅक्यूम फॉर्मिंग: व्हॅक्यूम क्लीनर की फ्रिजचा कॉम्प्रेसर?

व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणजे प्लास्टिकची शीट तापवून मऊ करायची, पोकळ पेटीवर ठेवलेल्या मोल्डवर (साच्यावर) टेकवायची नि खालून हवा ओढून तिला मोल्डचा आकार द्यायचा. शीट तापवायची भानगड दोन्हीत सारखीच, खरा फरक हवा कशाने ओढायची त्यात आहे. व्हॅक्यूम क्लीनर भसकन भरपूर हवा ओढतो, शीट मोल्डवर टेकली की लगेच बसते, पण जोर बेताचा, साधारण 20 किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा पाचवा हिस्सा, त्यामुळे 1 मिमीची पॉलिस्टायरीन शीट, मुखवटे, साबणाचे साचे एवढ्याला ठीक, कोपरे मात्र गोलसरच येतात.

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सक्शनच्या नळीवर लावला तर जोर 80 किलोपास्कलच्या वर सहज जातो, बारीक अक्षरंसुद्धा उठतात. पण हवा इतकी हळू ओढतो की तोवर शीट गार होऊन कडक! म्हणून मध्ये टाकी आणि बॉल व्हॉल्व्ह (झटक्यात उघडणारा कॉक) लागतोच, टाकी आधी रिकामी करून ठेवायची नि शीट खाली आणली की व्हॉल्व्ह फाडकन उघडायचा. टाकी जाड लोखंडाचीच घ्या, पातळ डबा आत चेपतो. (आणि कॉम्प्रेसर स्वतः कापत बसू नका, आत गॅस असतो, फ्रिजवाल्याकडूनच काढून घ्या.)

माझं मत विचाराल तर सुरुवात क्लीनरनेच करा, हवा जायला मोल्डला छिद्रं 1 मिमीची पाडा, पेटीच्या कडेला फोमची पट्टी लावा, टाकीचा खर्च नंतर बघू.