आरमधली डेटाटाइप-बदली: एका कापूस हंगामाचा अनुभव

यवतमाळकडच्या गावांतल्या कापसाच्या काटापट्ट्या, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, पेरणीच्या तारखा, हे सगळं हंगामभर आर (R) या आकडेवारीच्या संगणकभाषेत चालवून झालं. त्यात नोंदीचा प्रकार बदलताना, म्हणजे मजकुराची संख्या किंवा तारीख करताना, काय होतं ते इथे. मत एवढंच: बोंब मारणारी फंक्शनं परवडतात, मुकाट बदलणारी हिशेब बुडवतात.

मजकुराची संख्या करणारं ॲज.न्यूमेरिक बहुधा बोंब मारतं. '१,२५,०००' मधला स्वल्पविराम त्याला चालत नाही. एनए (म्हणजे रिकामी नोंद) आणि सोबत इशारा. जीसब या शोधून बदलणाऱ्या फंक्शनने स्वल्पविराम काढले की भागतं. मोबाइलवर मराठी आकडे भरलेले असले तरी एनएच येतो, तिथे अक्षरामागे अक्षर बदलणाऱ्या चार्टीआरने दहाही आकडे इंग्रजी करून घ्यायचे. नव्याने एनए झालेल्या ओळींची मूळ नोंद युनिक (वेगवेगळ्या नोंदी एकेकदा दाखवणारं फंक्शन) लावून बघा. 'ओला', 'निरंक', '८ क्विं.' सगळे एकदम सापडतात. रीडआर पॅकेजचं पार्स_नंबर मजकुरातून आकडा काढायला सोयीचं, पण '१०-१२' चे ते गुपचूप १० करतं.

खरा दगा फॅक्टरचा, म्हणजे ठरावीक गटांच्या रकान्याचा; त्यात प्रत्येक गटाला (लेव्हलला) आतून एक क्रमांक असतो. ओलाव्याच्या रकान्यात ८, ९, १०, १२ आहेत आणि एखाद्या 'नाही'मुळे रकाना फॅक्टर झाला, तर लेव्हल अक्षरक्रमाने लागतात: १०, १२, ८, ९, नाही. थेट ॲज.न्यूमेरिक केलं की ८ चे ३ होतात, १० चा १. इशारा नाही, काही नाही, सरासरी ९.७५ ऐवजी भलतीच. आधी ॲज.कॅरेक्टरने मजकूर करा, मग ॲज.न्यूमेरिक. २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून फाइल वाचणारं रीड.सीएसव्ही आपणहून फॅक्टर करत नाही, तरी जुन्या स्क्रिप्ट अजून फिरतात.

खरं-खोटं ठरवणाऱ्या ॲज.लॉजिकलला 'होय' दिलं तर एनए, तोही इशाऱ्याशिवाय. सरळ 'होय'शी तुलना करा.

तारखेला फॉरमॅट (दिवस, महिना, वर्ष यांचा क्रम) द्याच. '०५/०६/२०२४' तशीच तारीख करणाऱ्या ॲज.डेटला दिली तर इसवी सन ५ मधली २० जून निघते! एक्सेलमधून ४५४४८ असा आकडा आला तर ओरिजिन (दिवस मोजायला सुरुवात करायची तारीख) १८९९-१२-३० द्या, ५ जून २०२४ मिळेल. मजकूर म्हणून आला असेल तर आधी संख्या करा.

गट नंबर '४५/२' आणि बँक खातं मात्र संख्या करूच नका. सुरुवातीची शून्यं गळतात, आणि इंटिजरची (पूर्णांक प्रकाराची) मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. बारा अंकी क्रमांक त्यात मावत नाही. फाइल वाचतानाच कोलक्लासेसमध्ये (रकान्यांचे प्रकार सांगायची जागा) या रकान्यांना कॅरेक्टर लिहा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली फाइल असेल तर '१२/१' ची आधीच तारीख झालेली असते, ती आरमध्ये परत येत नाही. मूळ पट्टीच काढावी लागते.