वन पॉकेट, स्ट्रेट पूल की स्नूकर? एट-बॉलच्या पुढे जाऊ पाहणाऱ्यासाठी

एट-बॉल हा पूल टेबलावरचा नेहमीचा खेळ मनापासून खेळणारा माणूस काही वर्षांनी एका जागी अडकतो. सोपे बॉल हमखास जातात, लांबचेही बरेचसे जातात, पण जिंकलेल्या फ्रेममध्ये (डावात) आपली करामत किती आणि समोरच्याच्या चुकलेल्या शॉटचा वाटा किती, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. आता डोकं लावायला लावणारा खेळ हवा, असं वाटू लागतं. अशा वेळी तीन खेळ समोर येतात: अमेरिकेत वाढलेला वन पॉकेट, तिथलाच जुना स्ट्रेट पूल आणि आपल्या जिमखान्यांत मुरलेला स्नूकर. डावपेच तिन्हींत आहेत, पण गोडी लागायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. नियम चार दिवसांत पाठ होतात, गोडी लागायला महिने जातात. ती कुठून येते हे आधी ठाऊक असेल तर मधल्या काळात कंटाळून खेळ सोडून द्यायची पाळी येत नाही.

माझा कल लपवत नाही. पूल टेबल हाताशी असेल आणि आपल्या तोडीचा एक चिवट जोडीदार असेल, तर वन पॉकेट घ्या. सराव बहुतेक एकट्यानेच होणार असेल तर स्ट्रेट पूल. आणि स्पर्धांमध्ये उतरायचं असेल तर सरळ स्नूकरकडे जा.

वन पॉकेट

नियम थोडे आहेत. टेबलावर पंधरा बॉल, त्यांच्या नंबरांना अर्थ नाही, प्रत्येकाचा एक गुण. ज्या टोकाला रॅक, म्हणजे बॉलांचा त्रिकोणी गठ्ठा, लावतात त्या टोकाच्या दोन कोपऱ्यांतलं एक पॉकेट तुमचं, दुसरं समोरच्याचं. आपल्या पॉकेटमध्ये आधी आठ बॉल घालेल तो जिंकला. तुमच्या शॉटने बॉल त्याच्या पॉकेटमध्ये गेला तर गुण त्याला. उरलेल्या चार पॉकेटांत गेलेला बॉल काढून पुन्हा स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवायचा. फाउल झाला की आपल्या जमेतला एक बॉल परत टेबलावर येतो, जमेत काही नसेल तर उधारी चढते. सलग तीन फाउल केले की फ्रेम गेली.

पहिल्या संध्याकाळी या खेळाचा राग येतो. टेबलभर बॉल उघडे पडलेले असतात, पॉकेट सहा असतात आणि आपल्या कामाचं एकच. एट-बॉलमध्ये ज्या बॉलवर क्षणाचाही विचार न करता वाकलो असतो, तो इथे घालून पदरात काहीच पडत नाही. ब्रेकसुद्धा, म्हणजे डावाचा पहिला फटकासुद्धा, जोरात मारायची सोय नाही. पांढरा बॉल, म्हणजे काठीने मारायचा तो, रॅकच्या टोकाला हलकेच लावायचा, दोन-चार बॉल आपल्या पॉकेटच्या बाजूला सरकवायचे आणि पांढरा समोरच्याच्या बाजूच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटवून ठेवायचा. हा ब्रेक बसला की समोरच्याला पहिल्याच शॉटला बचाव करावा लागतो. नवख्याला मात्र ही सगळी नुसती कुरकुर वाटते. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी गुणफलक दोन-एक, नाहीतर चक्क शून्य-शून्य.

इथेच पुष्कळ जण सोडून देतात. जे थांबतात त्यांना एक दिवस वेगळंच काहीतरी दिसतं. तुम्ही एक बॉल आपल्या पॉकेटच्या तोंडाशी आणून ठेवला आणि पांढरा समोरच्याच्या बाजूला दोन बॉलच्या मागे दडवला. गुण मिळाला नाही. समोरचा टेबलाभोवती फिरतो, वाकतो, उठतो, चॉक लावतो, पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहतो. त्याच्यापाशी शॉटच नाही. शेवटी तो पांढऱ्याला नुसता स्पर्श करून जाणूनबुजून फाउल घेतो, एक बॉल स्पॉटवर ठेवतो आणि खुर्चीत बसतो. तुम्ही एकही बॉल न घालता एका गुणाने वर गेलात. वन पॉकेटचं वेड मी ज्यांना ज्यांना लागलेलं पाहिलं, त्यांची सुरुवात अशाच कुठल्या तरी शॉटपासून झाली आहे. बॉल पडल्याच्या आवाजाची सवय असलेल्या माणसाला आवाजच न झालेला शॉट आवडायला लागतो.

त्यानंतर खेळ भराभर उलगडतो. प्रत्येक शॉटला दोन प्रश्न असतात: गेला तर पुढचा कुठला, आणि नाही गेला तर समोरच्याच्या हाती काय पडतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट असेल तर शॉट कितीही सुंदर असो, तो मारायचा नाही. कुशनवर आपटवून बॉल पॉकेटात घालायचा बँक शॉट एट-बॉलमध्ये नाइलाजाने मारला जातो, इथे तो रोजच्या जेवणातला आहे. कारण समोरच्याच्या बाजूला पडलेला बॉल आपल्या पॉकेटात आणायचा म्हणजे बहुतेक वेळा कुशनवरूनच आणावा लागतो. चुकला तरी तो आपल्या पॉकेटच्या आसपास थांबेल इतक्याच ताकदीने मारायचा, म्हणून हळू मारायची कला आपोआप येते.

सगळ्यात सुरेख भाग शेवटचा. तुम्ही सहा-दोनने पुढे आहात असं धरा. आता तुम्हाला बॉल पॉकेटांजवळ नको असतात. एकेक करून ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ढकलले की समोरच्याला लांबून, बँक मारून, एकेक गुण वेचावा लागतो. तो मागे असल्यामुळे त्याला बॉल खालीच, पॉकेटांच्या तोंडाशी गर्दी करून हवे असतात. गुणफलक बदलला की एकाच टेबलावरचा तोच बॉल कालचा मित्र आणि आजचा शत्रू होतो. एट-बॉलमध्ये गुणफलक पाहून खेळ बदलायची वेळ फारशी येत नाही. इथे प्रत्येक पाळीला येते.

हा खेळ अमेरिकेच्या पूल रूममध्ये, पैजांच्या टेबलांवर वाढला. त्याला आजचं रूप देण्याचं आणि तो पसरवण्याचं श्रेय ओक्लाहोमा सिटीच्या हेडन लिंगो यांना देतात. १९६१ मध्ये जान्स्को बंधूंनी इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या लहान गावी नामांकित पैजबहाद्दरांना बोलावून स्पर्धा भरवली, ती वन पॉकेटचीच होती. आज या खेळाचा मोठा मेळा म्हणजे अमेरिकेतल्या लुईव्हिल परिसरात १९९९ पासून भरणारा डर्बी सिटी क्लासिक. तिथे नाइन-बॉल आणि बँक पूल या पूलच्याच दुसऱ्या खेळांच्या जोडीला वन पॉकेटची स्वतंत्र स्पर्धा असते. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने ती अनेकदा जिंकली. नाइन-बॉलचा हा जगज्जेता वन पॉकेट खेळताना पाहणं हेच एक शिक्षण आहे. समोरच्याने पूर्ण कोंडी केलेली असते आणि रेयेस दोन-तीन कुशन फिरवून अशी वाट काढतो की पांढरा थांबतो तिथे कोंडी उलट समोरच्याची झालेली असते. त्याचे सामने आधी पाहा, मग टेबलावर या. कंटाळ्याचे पहिले आठवडे त्याने खूप सोपे होतात.

पैजांच्या जगाने या खेळाला एक फार उपयोगी वस्तू दिली, ती म्हणजे हँडिकॅप. दोघांच्या लक्ष्यांची बेरीज सोळा ठेवायची. बरोबरीचे असाल तर आठ-आठ. फरक असेल तर बलवानाला नऊ, दुसऱ्याला सात. आणखी फरक असेल तर दहा-सहा. टेबलावर बॉल पंधराच असल्यामुळे बेरीज सोळा राहिली की शेवटच्या बॉलपर्यंत निकाल लागतोच. जोडीदार तुमच्याहून बराच चांगला खेळत असेल तरी सामना जिवंत राहतो, आणि हे मी वन पॉकेटच्या बाजूचं मोठं कारण मानतो. आपल्याकडे बरोबरीचा जोडीदार मिळणं हीच खरी अडचण असते.

स्ट्रेट पूल

याचं दुसरं नाव १४.१. कुठलाही बॉल, कुठल्याही पॉकेटात, पण आधी सांगून. प्रत्येकाचा एक गुण, सामना बहुधा शंभर, सव्वाशे किंवा दीडशेपर्यंत. चौदा बॉल संपले की पंधरावा टेबलावर तसाच ठेवून चौदांचा रॅक पुन्हा लावतात. त्या पंधराव्या बॉलवर शॉट मारून तो घालायचा आणि पांढऱ्याने त्याच फटक्यात रॅक फोडायचा, म्हणजे पाळी चालू राहते.

म्हणून या खेळाची गोडी त्या पंधराव्या, म्हणजे ब्रेक बॉलमध्ये आहे. टेबलावर सहा-सात बॉल असतानाच ठरवायचं की शेवटी कुठला ठेवायचा, आणि पांढरा त्याच्या कुठल्या बाजूला आणायचा. ती आखणी पहिल्यांदा जमली, रॅक फुटला आणि पुढचे दोन-तीन बॉल उघडे दिसले, की माणूस घरी जाऊनही ती फ्रेम मनात खेळत राहतो. बचाव इथेही आहे, पण तो मधूनमधून येतो. लढत मुख्यतः स्वतःच्या आकड्याशी असते. तो आकडा कुठवर जाऊ शकतो, याची एक मोठी परंपरा आहे: विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका पाळीत सलग ५२६ बॉल घातले. जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ केले आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. आपल्यासारख्यांना पहिले पंधरा ओलांडले, म्हणजे एक रॅक संपवून दुसऱ्यात शिरलो, तरी तो दिवस लक्षात राहतो.

वन पॉकेटशी तुलना करता स्ट्रेट पूल पॉटिंग (बॉल पॉकेटात घालणं) झपाट्याने सुधारतो आणि पांढऱ्यावर ताबा आणतो. पण दोघांत खेळताना एक जण बराच वेळ बसून असतो. समोरचा चांगला असेल तर तुम्ही तासाचं भाडं निम्मं भरून बघे होता. एकट्याने खेळायला मात्र पूलमध्ये याच्यासारखं दुसरं काही नाही. रिकाम्या दुपारी पार्लरमध्ये एक टेबल घ्यायचं, आपली सर्वोच्च पाळी वहीत लिहायची आणि ती मोडायच्या मागे लागायचं.

स्नूकर

स्नूकरबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. तो जन्मला जबलपूरला, १८७५ मध्ये, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या नावावर त्याचं श्रेय आहे आणि त्याचे नियम पुढे उटीच्या क्लबात घट्ट झाले. मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी आशियाई विजेतेपद १९८९ आणि २००१ असं दोनदा मिळवलं. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी २००३ मध्ये हौशी जगज्जेता झाला. मुंबईचाच आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत चीनच्या डिंग जुनहुईशी खेळला. तुमच्या आसपास शिकवणारा माणूस, खेळणारी पोरं आणि जिल्हा-राज्य पातळीच्या स्पर्धा मिळायच्या तर त्या याच खेळात.

पूलवरून येणाऱ्याने दोन धक्क्यांची तयारी ठेवावी. टेबल बारा फुटी आणि बॉल लहान, पूलच्या ५७ मिलिमीटरऐवजी साडेबावन्न मिलिमीटरचा. त्यात पॉकेटच्या कडा गोल वळलेल्या. पूलमध्ये कडेला घासून आत गेलेला बॉल इथे जबड्यात थरथरून बाहेर येतो. पॉटिंग बसेपर्यंत डावपेच सुरूच होत नाहीत, आणि ते बसायला कोवळं वय किंवा भरपूर वेळ लागतो. पण एकदा लांबच्या सेफ्टीची, म्हणजे बचावाच्या फटक्याची, नस सापडली, लाल बॉलला पातळ घासून पांढरा बॉक कुशनला (टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाच्या कडेला) नेऊन चिकटवता आला, की स्नूकरचा आनंद वन पॉकेटच्या जवळचाच आहे. फरक एवढाच, की स्नूकरमध्ये सेफ्टीचा टप्पा संपतो आणि एक मोठी पाळी फ्रेम घेऊन जाते. वन पॉकेटमध्ये मोठ्या पाळीनंतरही धोका संपत नाही.

निवडण्याआधी टेबल पाहा

सगळ्यांत आधी पॉकेट पाहा. नाणं टाकून चालणाऱ्या टेबलात गेलेला बॉल परत निघत नाही, तिथे वन पॉकेट आणि स्ट्रेट पूल दोन्ही बाद. बॉल एकाच नळीतून टोकाला येत असतील तर चालतं, पण वन पॉकेटमध्ये कोणाचा गुण कुठल्या पॉकेटातून आला हे लगेच टिपून ठेवावं लागतं. जाळीची पॉकेट असलेलं नऊ फुटी टेबल सगळ्यांत बरं. लहान टेबलावर बँक सोपे होतात आणि दडवायला जागा कमी पडते, त्यामुळे वन पॉकेटची धार जाते.

दुसरं, वेळ. वन पॉकेटची फ्रेम कधी पंधरा मिनिटांत संपते, तर कधी तासाच्या वर जाते. तासावर टेबल घेणाऱ्याला हे परवडेलच असं नाही, आणि रविवारी संध्याकाळी मागे चार जण वाट पाहत असतील तर मार्करच्या (टेबलं सांभाळणाऱ्या माणसाच्या) चेहऱ्याकडेही पाहावं लागतं. सकाळची किंवा भर दुपारची वेळ ठरवून घ्या. सुरुवातीला आठऐवजी पाचपर्यंत खेळलात तरी खेळाचा सगळा रस मिळतो.

आणि जोडीदाराचा स्वभाव आधी जोखा. प्रत्येक शॉट ताकदीने मारण्यातच ज्याचा जीव रमतो, त्याला वन पॉकेटमध्ये ओढू नका. त्याच्याबरोबर नाइन-बॉल खेळा, तो उत्तम खेळ आहे. समोरचा हरलेल्या फ्रेमनंतर टेबलापाशी रेंगाळून, तिथे दुसरा काय शॉट होता, असं विचारणारा असेल, तर त्याला सोडू नका. बॉल पुन्हा त्याच जागी ठेवा आणि दोघांनी मिळून तो शॉट शोधा.