फिश हाउससाठी दिलेले २५,३७५ डॉलर

मिनेसोटात फिश हाउस, म्हणजे गोठलेल्या तळ्यावर नेऊन आत बसून मासे धरायचं घर, बांधून घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी घरांसाठी हे लिहिते आहे. ज्याने आम्हाला लुबाडलं त्याचं नाव इथे देत नाही, प्रकरण अजून सुरू आहे. रकमा मात्र पूर्ण देते. ११,५५० डॉलर अ‍ॅडव्हान्स. ९,६२५ फ्रेमचे. ४,२०० अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे आणि फोमचे. एकूण २५,३७५ डॉलर. हातात आलं काय, तर एक चार पानी करार आणि फोनमधले काही फोटो.

आधी एक सांगून टाकते, कारण ओळखीतल्यांनी फार ऐकवलं आहे. आम्ही हौसेपायी डोळे मिटून पैसे उधळले नाहीत. आम्ही मूळचे मालवणचे. ताईचं घर आणि आमचं घर मिळून माणसं दहा, त्यात आईबाबा आणि चार मुलं. लेक ऑफ द वुड्सला किंवा अपर रेड लेकला भाड्याची फिश हाउस मिळतात, पण दहा माणसं एकत्र बसतील असं मिळत नाही. दोन वेगवेगळी घ्यावी लागतात. मुलं एकीकडे, आजी-आजोबा दुसरीकडे, आणि जेवणाचे डबे घेऊन बर्फातून ये-जा करणारी मी. मिनेसोटात हिवाळ्यात माणशी दोन गळ टाकायची मुभा आहे, आणि भाड्याच्या घरात बर्फात उघडणारी भोकं असतात सहा किंवा आठ. म्हणून ठरवलं की आपलं एक मोठं बांधून घ्यायचं. आठ फूट बाय चोवीस फूट, दोन अ‍ॅक्सलचं, दहा भोकांचं. पलंग भिंतीला दुमडणारे, प्रोपेनची भट्टी बाहेर धूर सोडणारी, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन. चाकं वर घेऊन घर सपाट बर्फावर टेकवणारी हायड्रॉलिक फ्रेम मुद्दाम मागितली, कारण बाबांच्या गुडघ्याला पायऱ्या झेपत नाहीत.

दोघा बांधणाऱ्यांनी ४६,००० आणि ४९,००० सांगितले. याने सांगितले ३८,५००. एवढं स्वस्त ऐकून शंका यायला हवी होती असं आता सगळे म्हणतात. पण तो काळ आठवा. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सगळ्यात उबदार. तळ्यांवर बर्फच धरेना. डिसेंबरच्या शेवटी अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि शंभरावर माणसांना तिथून काढावं लागलं. भाड्याची घरं रिकामी, बांधणाऱ्यांकडे कामं नाहीत. मे महिन्यात तो म्हणाला, 'कारागीर बसून आहेत, त्यांचे पगार निघावेत म्हणून कमी घेतो.' त्या वर्षी हे कुणालाही पटलं असतं. आम्ही वर्कशॉप पाहून आलो. अर्धवट बांधलेलं एक घर तिथे उभं होतं, कारागीर खरोखर काम करत होते. त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना मी फोन केला, दोघांनाही घर वेळेवर मिळालं होतं. आणखी काय तपासायचं माणसाने?

तपासायला हवं होतं ते एवढंच, की त्या अर्धवट घराचे पैसे कुणाचे. नव्या गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडव्हान्समधून जुन्याचं घर पुरं करायचं, पुढचं गिऱ्हाईक आलं की त्याच्या पैशांतून आमचं. हा खेळ तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे बिल्डरांनी कितीतरी लोकांशी तो खेळला आहे. गिऱ्हाइकं थांबली की शेवटचे सगळे बुडतात. आम्ही शेवटच्यांत होतो. म्हणून कुणी 'जुन्या गिऱ्हाइकांना विचारा' असं सांगितलं तर ऐका, पण त्यावर विसंबू नका. ज्याचं काम या घडीला चालू आहे आणि ज्याचे पैसे अडकलेले आहेत, त्याला गाठा.

अ‍ॅडव्हान्स मी क्रेडिट कार्डाने देणार होते. तो म्हणाला, कार्डावर तीन टक्के जास्त लागतील. ११,५५० वर तीन टक्के म्हणजे ३४६ डॉलर ५० सेंट. चेक दिला. कार्डाने दिले असते तर वाद घालायला एक दार उघडं राहिलं असतं. बँकेने पुढे मला एका वाक्यात वाटेला लावलं: चेकवर सही तुमची, वटवणारा तोच ज्याचं नाव तुम्ही लिहिलंत, आमचा संबंध नाही. तीन टक्के भरा. रडत भरा, पण भरा.

आता तो फोटो.

सप्टेंबरमध्ये त्याचा निरोप आला, 'तुमची फ्रेम आली', आणि सोबत एक फोटो. व्हीलहाउसमध्ये, म्हणजे अशा चाकांवरच्या फिश हाउसमध्ये, भोकं आधी ठरतात, भिंती नंतर. फ्रेमचे आडवे गज कुठे येणार त्यावरून भोकं कुठे पडणार ते ठरतं, गजाच्या जागी भोक पाडता येत नाही. मी ग्राफ पेपरवर दहाही भोकं इंचाइंचाने आखून दिली होती. दोन तर पलंगाच्या कडेला होती, बाबांना बसल्या जागेवरून गळ सोडता यावा म्हणून. मी फोटो मोठा करून गज मोजले. मधल्या चारही भोकांच्या जागेवरून लोखंड गेलेलं होतं. मला ते दिसलं. मी त्याच संध्याकाळी फोन करून विचारलं. तो हसला नाही, गडबडला नाही. म्हणाला, 'तिथला गज कापून चौकट वेल्ड करतो, नेहमीचं काम आहे.' आणि असं करतातही, हे मी आधी वाचलेलं होतं, म्हणून मी गप्प बसले. पण जी फ्रेम माझ्या आराखड्यावरून बनवून घेतली म्हणतोस, ती आल्या आल्या कापायची वेळ का यावी? हा प्रश्न मी विचारायला हवा होता. आज वर्ष उलटून गेलं तरी भाजी चिरताना, गाडी चालवताना तोच फोटो डोळ्यांपुढे येतो. तो प्रश्न त्या संध्याकाळी ओठावर आला असता तर फ्रेमचे ९,६२५ गेले नसते, पुढचे ४,२०० गेले नसते. १३,८२५ डॉलर त्या एका फोटोत गेले. ती फ्रेम आमची नव्हतीच. कुणा दुसऱ्याच्या सहा भोकांच्या घराची होती.

शिवाय या हप्त्याचा चेक त्याने कंपनीच्या नावाने घेतला नाही, स्वतःच्या नावाने मागितला. 'कंपनीचं खातं दुसऱ्या बँकेत हलवतोय, चेक अडकेल.' हे मी माझ्या मुलांना वेगळं बसवून शिकवणार आहे: कराराच्या कागदावर ज्याचं नाव, चेकवर त्याचंच नाव, मग समोरचा काहीही सांगो.

ऑक्टोबरमध्ये ४,२०० गेले ते झेलने, म्हणजे खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायच्या सोयीने. 'सोमवारपासून पत्र्याचे भाव वाढतायत, आज उचलला तर तुमचेच पैसे वाचतील.' भावोजी म्हणाले, थांबू या का? मीच म्हटलं, १ डिसेंबरला घर हवंय, आईबाबांची तिकिटं निघाली आहेत. झेलने गेलेला पैसा परत येत नाही. भाववाढीची घाई कुणी केली तर माल आधी आपल्या गॅरेजमध्ये उतरवून घ्या.

नोव्हेंबरमध्ये अ‍ॅक्सल आले नव्हते. डिसेंबरमध्ये वेल्डरला बरं नव्हतं. जानेवारीत भट्टी कंपनीकडून निघाली नव्हती. तळ्यावर गाड्या फिरत होत्या, आणि मालवणहून आलेले बाबा आमच्या दिवाणखान्यात बसून होते. येताना त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेले गळ आणले होते. रोज संध्याकाळी विचारायचे, 'गो, त्या माणसाचो फोन इलो काय?' वॉलआय माशाचा हंगाम बहुतेक तळ्यांवर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो. रात्रभर तळ्यावर ठेवलेली घरं दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारी आणि उत्तरेकडे तिसऱ्या सोमवारी काढावीच लागतात. आईबाबा ज्या दिवशी परत गेले त्या दिवशी विमानतळावरून येताना मी गाडी बाजूला घेऊन ओरडून रडले. त्या माणसाने नुसते पैसे नेले असते तर मी एवढी पेटले नसते.

फेब्रुवारीतच मी फ्रेमचा व्हीआयएन नंबर, म्हणजे पट्टीवर कोरलेला वाहनाचा ओळख क्रमांक, मागितला होता. आढेवेढे घेऊन त्याने पट्टीचा फोटो पाठवला. मी थेट फ्रेम बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाईने नंबर टाकून पाहिला आणि म्हणाली, ही फ्रेम २०२२ मध्येच विकली गेली आहे. एका फोनचं काम होतं. तुम्ही हा फोन हप्ता देण्याच्या आधी करा. नंबर फोटोत पाहू नका, वर्कशॉपमध्ये जाऊन पट्टीवर हात ठेवून वाचा. त्याहून चांगलं म्हणजे फ्रेमचे पैसे फ्रेमवाल्यालाच द्या आणि उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र स्वतःच्या नावावर घ्या. मग बांधणारा पळाला तरी लोखंड तुमचं राहतं.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा वर्कशॉपला जागामालकाचं कुलूप. त्याचंही भाडं थकलेलं. कंपनी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची होती, राज्याच्या नोंदीत ती बंद पडलेली. ही नोंद कुणालाही ऑनलाइन, फुकट पाहता येते.

आणि आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेलो त्यांच्याबद्दल.

पोलिसांच्या काउंटरवर मी करार, चेकच्या प्रती, फोटो, व्हीआयएनचा कागद असं सगळं फाइलमध्ये क्रमाने लावून नेलं. माणसाने फाइल उघडलीसुद्धा नाही. 'कामाचा करार आहे ना? मग हा दिवाणी मामला.' मी सांगितलं की मिनेसोटाच्या ६०९.५२ कलमात फसवून पैसे काढणं ही चोरीच धरली आहे, आणि दुसऱ्याला विकलेली फ्रेम आमची म्हणून दाखवून पैसे घेतले ही फसवणूक नाही तर काय? तो म्हणाला, पैसे घेताना हेतू वाईट होता हे सिद्ध व्हावं लागतं. अहो, तेच तर या फाइलमध्ये आहे! विकल्या गेलेल्या फ्रेमचा नंबर माझी म्हणून पाठवतो, यापेक्षा हेतू आणखी कसा दिसायचा? त्याने मला एक छापील पत्रक दिलं.

मग सरकारी तक्रार खातं. तिथून पत्र आलं की तुमची तक्रार आम्ही त्या व्यक्तीकडे उत्तरासाठी पाठवली आहे. कुणाकडे? जो वर्कशॉप सोडून पळाला त्याच्याकडे, त्याच बंद पत्त्यावर! पत्र परत आलं तेव्हा 'उत्तर मिळालं नाही' म्हणून प्रकरण मिटवलं. मग कळलं की लायसन्सवाल्या बिल्डरने घराच्या कामात फसवलं तर राज्यात भरपाईचा निधी आहे. त्याच्या भिंतीवर बिल्डरचं लायसन्स टांगलेलं मी स्वतः पाहिलं होतं. अर्ज भरला. उत्तर आलं की हा निधी जमिनीवरच्या राहत्या घरांसाठी आहे, तुमचं घर चाकांवरचं. बरं, मग वाहनांचा विभाग? ते म्हणाले, वाहन तुमच्या नावावर झालेलंच नाही, मग तक्रार कसली? जमिनीवर नाही म्हणून घर नाही, नावावर नाही म्हणून गाडी नाही, करार आहे म्हणून चोरी नाही. पैसे गेले ते मात्र खरे होते, डॉलर न् डॉलर. प्रत्येक टेबलावर मला सौजन्याने बोलले, आणि प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचा फोन नंबर दिला. एकानेही त्या माणसाला एक फोन केला नाही. मी आणि ताईने रजा काढून रांगा लावल्या, आणि तो त्या वेळी दुसऱ्या नावाने नवी कंपनी उघडत होता. ती नोंद मी स्वतः शोधून काढली. तीसुद्धा कुणाला नको होती.

राहिलं छोट्या दाव्यांचं कोर्ट. ऑगस्ट २०२४ पासून तिथली मर्यादा २०,००० डॉलर झाली आहे. आमचे २५,३७५. वकिलाने मोठ्या कोर्टासाठी सुरुवातीलाच ५,००० मागितले. म्हणजे वकिलाचे भरा, नाहीतर ५,३७५ वर पाणी सोडा. आम्ही पाणी सोडलं. करार एकट्या माझ्या नावावर आणि ताईचे पैसेही माझ्याच खात्यातून गेलेले, त्यामुळे दोघींना वेगवेगळे दावे लावायची वाटही उरली नव्हती. दोन घरं मिळून काही घेत असाल तर दोन्ही नावं करारावर हवीत, बहीण असली तरी.

तो कोर्टात आलाच नाही. निकाल आमच्या बाजूने, २०,००० डॉलर. लोकांनी अभिनंदन केलं. पण कोर्ट निकाल देतं, वसुली करून देत नाही. तो निकाल जिल्हा कोर्टात नोंदवायचा, त्याच्या मालमत्तेची माहिती मागणारा फॉर्म त्याला पाठवायचा, त्याने भरला नाही तर पुन्हा कोर्टाकडे जायचं, खातं सापडलं तर शेरिफकडून जप्तीचा हुकूम बजावायचा, आणि प्रत्येक पायरीवर फी आपण भरायची. निकाल दहा वर्षं जिवंत राहतो. दहा वर्षं मी त्याच्या मागे आहे.

दावा कंपनीवर लावलात तर बंद कंपनीच्या रिकाम्या खात्याविरुद्धचा कागद हाती येईल. फ्रेमचा चेक त्याच्या स्वतःच्या नावाने होता म्हणून आम्हाला त्याच्यावर वैयक्तिक दावा लावता आला. करार करतानाच मालकाची वैयक्तिक हमी लिहून घ्या. नाही म्हणाला तर उठून या.

अलीकडे याच माणसाने गंडवलेली आणखी दोन कुटुंबं आम्हाला भेटली. तिघांच्याही फोनमध्ये त्याच फ्रेमचा फोटो आहे. तिघांनी मिळून गेल्यावर पोलिसांनी पहिल्यांदा फाइल उघडली आणि ती तपास करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉलच्या) आसपास कुणी अशाच घरासाठी अ‍ॅडव्हान्स दिला असेल, तर आधी आपल्या फोनमधला फ्रेमचा फोटो काढून त्यातले आडवे गज मोजा. डावीकडच्या तिसऱ्या गजावर निळ्या रंगाचा फराटा दिसला तर तक्रार नोंदवायला जा, आणि रिपोर्टचा नंबर हातात पडल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.