दोन दिवसांत उतरलेलं दुखणं

पुडी मीच आणली होती. आईचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आई 67 वर्षांची. गुडघ्यांची झीज झालेली, जिना उतरायचा तर कठडा धरून एकेक पायरी. डॉक्टरांनी व्यायाम करा, वजन उतरवा म्हणून सांगितलं होतं. तिला ते औषध वाटलंच नाही. गेल्या मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या आणि सोलं घ्यायला गेलो, तेव्हा मुळ्या आणि साली मांडून बसलेला एक माणूस दिसला. मागे फलक: ‘संधिवात मुळापासून बरा’. शुद्ध जडीबुटी, इंग्रजी औषधाचा कण नाही, घरातल्या गोळ्या बंद करा. पंधरा दिवसांचे दीड हजार. वर पथ्य: वांगं नको, आंबट नको, नुस्तं म्हणजे मासळी नको. गोव्यात नुस्तं सोडायला लावणारा माणूस खोटारडा असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. पथ्य जेवढं कडक तेवढं औषध खरं!

वर्तमानपत्राच्या चौकोनी कागदात बांधलेली तपकिरी पूड. सुंठीचा वास, मागाहून जिभेवर कडवटपणा. तिसऱ्या दिवशी आई कठडा न धरता खाली आली. चवथीला तर स्टुलावर चढून तिने स्वतः गणपतीवर टांगलेल्या माटोळीला सुपारीचे घोस बांधले. मी तिला खालून धरायला उभा होतो, तर म्हणाली, “धरू नको रे, पडत नाही मी.”

चेहरा गोल झाला होता. पाहुणे म्हणायचे, तब्येत सुधारली. हातावर काही न लागता काळेनिळे डाग उठत, रात्री तहान लागून ती तीन-तीनदा उठे. आम्ही सगळं वयाच्या खात्यावर टाकलं.

चवथीनंतर तो माणूस बाजारात यायचा बंद झाला, फोनही बंद. पुड्या संपल्यावर चार-पाच दिवसांत आईला उलट्या सुरू झाल्या, उठवेना, आणि एका पहाटे ती न्हाणीत कोसळली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. रक्तदाब खाली, साखर 312, आणि तिला मधुमेह कधीच नव्हता. तरुण डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, हातावरचे डाग पाहिले आणि विचारलं, “कसली पूड खात होत्या?” मी ठसक्यात म्हटलं, “आयुर्वेदिक.” त्या म्हणाल्या, “लेबल दाखवा.” लेबल कुठलं असणार!

सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तळाला गेलं होतं. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार, असं त्यांनी समजावलं. स्टेरॉइड सूज झटपट मारतं म्हणून दुखणं पळतं. सांध्यातली झिजलेली कूर्चा मात्र आहे तशीच राहते. बाहेरून रोज मिळायला लागलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडून देतात, आणि पुडी थांबली की शरीर उघडं पडतं. आता त्याच जातीच्या गोळ्या, मोजून, महिन्या-महिन्याने कमी करत. म्हणून तुमच्या घरात अशी पूड चालू असेल आणि शंका आली, तर रागाने एकदम बंद करू नका. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

मे ते सप्टेंबर नऊ वेळा पैसे मोजले, साडेतेरा हजार. पावती एकही नाही. तक्रारीत नाव कुणाचं लिहिणार? संधिवात बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने मुळातच बंद आहे, हे मला नंतर कळलं. त्या फलकासमोर मी पाकीट काढून उभा होतो.

आयुर्वेदावर राग नाही माझा. आम्ही कोलवाळचे, पूल ओलांडला की धारगळ, आणि तिथे 2022 पासून केंद्र सरकारची आयुर्वेद संस्था आहे. तिथले वैद्य केसपेपर काढतात, नाडीबरोबर रिपोर्टही बघतात. खऱ्या आयुर्वेदिक औषधावर परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले असतात. आणि तेल असो, शेक असो, तिसऱ्या दिवशी कुणी कठडा सोडत नाही. आई आता खुर्चीत बसून पाय सरळ करते, दहा आकडे मोजते, खाली ठेवते. फरक जाणवायला दीडेक महिना लागला. कठडा अजून धरते.

परवा शेजारची काकी आली. तिचेही गुडघे धरलेत. त्या माणसाचा नंबर आहे का, म्हणून विचारत होती. मी सगळं सांगितलं, बांबोळीचे कागद दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाता जाता आईला म्हणाली, “पण गो, गुण तर आला होता ना?”